चढावर थरथरणारी गाडी

वहिनीला माहेरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दादा जहाजावर होता आणि घरात गाडी चालवणारी मी एकटीच. घणसोलीहून उरणला जायचं. वहिनीला नववा लागला होता. पहिलंच बाळंतपण, त्यामुळे तिची आई रोज फोन करून विचारायची, कधी आणताय. गाडी दादाची, बरीच जुनी, पण इंजेक्शनवाली. कार्बोरेटरच्या गाड्यांसारखी हिची कटकट नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. मी ती ऑफिसला आणि बाजारात न्यायचे. उरणच्या रस्त्यावर कधीच नेली नव्हती.

त्या रस्त्यावर बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर असतात. एकाला ओलांडलं की पुढे दुसरा. मी डावी लेन धरून चालले होते. वहिनी मागे उशीला टेकून बसली होती आणि बाळासाठी कुठलं नाव नको, याबद्दल बोलत होती. एका मोठ्या पुलाचा चढ लागला आणि अर्ध्यावर गाडीला हिसका बसला. मग दुसरा. मग सगळी गाडीच थरथरायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबला तर वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला. समोर पिवळा इंजिनाचा दिवा उघडझाप करायला लागला.

आरशात फक्त ट्रेलरचं तोंड दिसत होतं. त्याने हॉर्न वाजवला तो माझ्या पाठीच्या कण्यातून गेला.

"अगं, काय होतंय?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. पूल उतरला की थांबते."

पुलावर थांबायला जागा नव्हती. गाडी इथे बंद पडली तर मागच्याला ब्रेक लावायला वेळ मिळेल का, एवढाच विचार डोक्यात होता. मी दुसरा गिअर टाकला आणि गाडी कण्हत, धक्के खात कशीबशी वर चढली. उतारावर मी पाय काढला आणि तिला तशीच घरंगळू देत कडेला घेतली.

थांबल्यावर पेट्रोलचा वास आला. उग्र. मी वहिनीला म्हटलं, आधी बाहेर ये. तिला पटकन उतरता येत नव्हतं. एक पाय बाहेर, एक हात दाराला, दुसरा पोटाखाली. मी तिला ओढतही होते आणि ओढायला भीतही होते. आम्ही लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन खारफुटीकडे पाठ करून उभ्या राहिलो. मी माझी ओढणी तिच्या डोक्यावर धरली. प्रत्येक ट्रेलर गेला की पायाखालची जमीन हलायची. वहिनीला काही दुखतंय का, हे मी दर थोड्या वेळाने विचारत होते, आणि ती मानेनेच नाही म्हणत होती. मी कॅब शोधून पाहिली. एकाने बुकिंग घेतलं आणि लगेच रद्द केलं.

बऱ्याच वेळाने वास गेला. मी एकटीच जाऊन किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, आणि अगदी गुळगुळीत, जणू काही झालंच नव्हतं. मला ते जास्त भयंकर वाटलं. बंद पडलेली गाडी निदान बंद तरी असते.

दुसरा इलाज नव्हता; वहिनीला पुन्हा आत बसवलं आणि पुढचा सगळा रस्ता मी कडेकडेने काढला. दारात वहिनीची आई उभीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय झाला गो पोरी? पानी पी आधी, मंग सांग."

मी सांगितलं. ती म्हणाली, "गाडी हाय ती, बिघडनारच. तुमी दोघी नीट आल्या ना?" पण तिने वहिनीला तिथेच खुर्चीत बसवून पोटावर हात ठेवला, आणि बाळाची हालचाल लागेपर्यंत काढला नाही. मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी होते.

परत येताना, एकटी असताना, त्याच पुलाच्या उरणकडच्या चढावर गाडी पुन्हा थरथरली. या वेळी मी मोठ्याने रडले. कोणी ऐकणार नव्हतं.

ऑफिसातल्या एकीने पावणे गावातलं एक गॅरेज सुचवलं. तिथला मिस्त्री पिकल्या मिशांचा, घोगऱ्या आवाजाचा. त्याच्यासमोर अर्थातच गाडी शहाण्यासारखी चालली. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "तिसरा सिलेंडर मिस करतोय, मधेच पेटत नाहीये, एवढंच हे सांगतंय. का करतोय, ते नाही सांगत."

त्याने चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. तीन कोरडे, तपकिरी. तिसऱ्या सिलेंडरचा मात्र काळा आणि ओला. त्याने तो माझ्या नाकाजवळ धरला. पेट्रोल.

"एकतर ठिणगी पडत नाहीये, नायतर पेट्रोल जास्त पडतंय. आधी ठिणगीचं बघू." त्याने तिसऱ्या सिलेंडरची ठिणगी पाडणारी कॉईल पहिल्यावर लावली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. "आता बिघडेपर्यंत चालवायची."

"कोणी?"

"तुमी. कुठं होतं ते तुमाला माहितीये. मी बाजूला बसतो."

मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नको म्हटलं तर ती गाडी पुन्हा कधी चालवणार, हे मलाच कळेना. ठाणे-बेलापूर रोडवरच्या पुलावर आम्ही चढलो, उतरलो, वळलो, पुन्हा चढलो. जे होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसायचं, तेच व्हावं म्हणून पाय दाबायचा. कितव्या तरी चढावर तो हिसका आला. माझा पाय आपोआप सुटला.

"सोडू नका. थोडा वेळ धरा," मिस्त्री म्हणाला. त्याचे डोळे मांडीवरच्या पडद्यावर होते. "तिसराच. कॉईल बदलली तरी तिसराच. म्हणजे ठिणगी ठीक आहे. चला, उतरवा."

मी पाहिलं तर त्याने खिडकीवरचं हँडल घट्ट पकडलं होतं. माझी नजर बघून तो म्हणाला, "मागं ट्रेलर असला की मीपण घाबरतो."

गॅरेजमध्ये त्याने चाकांपुढे दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि मला सांगितलं, ब्रेक दाबून ठेवा, पहिला गिअर टाका, क्लच अगदी किंचित सोडा. इंजिनाला चढासारखा ताण द्यायचा होता. तो बॉनेटमध्ये टॉर्च घेऊन बाजूला वाकला होता. समोर नव्हता, पण जवळ होता. माझा डावा पाय क्लचवर होता. हा पाय घसरला तर, एवढं एकच मनात. दगड, ब्रेक, सगळं दिसत असूनही.

"अजून थोडं," तो म्हणाला. "अजून."

इंजिन एका बाजूला कललं आणि गाडी तशीच थरथरली.

"बंद करा. सापडलं."

मी उतरून बॉनेटपाशी गेले. त्याने दाखवलं. तिसऱ्या सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाणारी वायर एका लोखंडी पट्टीवर घासून तिचं कव्हर गेलं होतं. तिला धरून ठेवणारी क्लिप कधीतरी तुटली असावी. सपाट रस्त्यावर काही नाही. चढावर इंजिन कललं की उघडी तार लोखंडाला टेकायची, आणि इंजेक्टर उघडाच राहून पेट्रोल नुसतं ओतत राहायचा. ते जळायचं नाही, तसंच सायलेन्सरकडे जायचं.

"त्या दिवशी लगेच थांबलात ते बरं केलंत. आणखी ताणली असती तर खालचा भाग तापून लाल झाला असता. त्यात खाली सुकं गवत वगैरे असलं, की मग..." त्याने वाक्य सोडून दिलं.

मी घरी येईपर्यंत आठवत राहिले, आम्ही थांबलो तिथे चाकाखाली चिखल होता की गवत. आठवलं नाही. अजूनही आठवत नाही.

त्याने वायरचा तुकडा बदलला, वरून जाड नळी चढवली, पट्टीपासून लांब बांधली. इंजिनाच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं असणार म्हणून तेही बदललं. मग आम्ही पुन्हा पुलावर गेलो आणि गाडी प्रत्येक चढ शांतपणे चढली. मिस्त्रीने हँडल धरलं नव्हतं. मी मात्र प्रत्येक चढाआधी श्वास रोखत होते.

काही दिवसांनी, एका दुपारी, वहिनीला कळा सुरू झाल्याचा फोन आला. गाडी खाली उभी होती, दुरुस्त. मी बसने गेले. मुलगी झाली होती, आणि दोघी सुखरूप होत्या.

सव्वा महिन्याने त्यांना आणायला मात्र मी गाडीच नेली. निघताना वहिनी बाळाला घेऊन गाडीच्या दाराशी थांबली, बसेना. मग म्हणाली, "त्या दिवशी पुलावर मी पट्टा काढून ठेवला होता. हात दाराच्या कडीवर होता. तुला बोलले नाही, तू आणखी घाबरली असतीस."

"आज?"

"आज पण भीती वाटतेय."

मी म्हटलं, "मलापण." तिच्या आईने बाळ तिच्या हातातून घेतलं, वहिनी आत बसली, मग बाळ तिच्या मांडीवर दिलं. मी तिचा पट्टा लागल्याची खात्री केली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.