लाडूला कुणीही नेईल

फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. ताईच्या घरमालकीण शुक्ला भाभी बोलत होत्या. "दीदी, जल्दी आ जाइए. बड़ी दीदी उठ नहीं रहीं... और बिल्ली दरवाज़े से हट नहीं रही." समता कॉलनीतल्या माझ्या घरून ताईच्या तात्यापाऱ्याला मी कशी पोचले ते आठवत नाही. पोचले तोवर दार सताड उघडं होतं, खोलीत माणसं जमली होती, ताई भिंतीकडे तोंड करून निजल्यासारखी दिसत होती आणि तिचा बोका लाडू तिच्या पायाशी बसून बारीक आवाजात रडत होता. मी त्याला उचलून छातीशी धरलं आणि दोघांनी मिळून रडून घेतलं. पुढे तेराव्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं, की लाडूनं शेवटपर्यंत ताईचं दार सोडलं नाही. ज्यानं ऐकलं त्यानं लाडूच्या डोक्यावरून हात फिरवला.

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. फोडणी टाकायचे आणि मध्येच स्कूटरची किल्ली शोधू लागायचे. कारण एवढंच, की ताई शेवटच्या भेटीत एक वाक्य बोलून गेली होती. तिला बरं नव्हतं, डॉक्टरकडे चल म्हटलं तर ऐकेना, उलट मलाच म्हणाली, "ऐक, मी गेली का दोघायले नेजो. लाडूले कोणीबी नेईन. सुईले सोडून येशीन तू."

मी भडकले. "काहून असं बोलून राहिली वो?"

"तुले ओळखते म्हणून," ती म्हणाली आणि कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

लाडू आणि सुई ही ताईची मांजरं, सख्खी भावंडं. ताईच्या व्हरांड्यात थंडीत बंद पडून असलेल्या कूलरच्या पोटात, खसच्या जुन्या गवतावर, एकाच दिवशी जन्मलेली. पण सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. लाडू नारिंगी, गोल तोंडाचा, मान आणि शेपूट दोन्ही जाड. सुई राखी पट्ट्यांची, काडीसारखी, चारही पंजे मात्र पांढरे. एवढ्या धिप्पाड लाडूचा आवाज पिपाणीसारखा आणि या मूठभर सुईचा आवाज जाड, घोगरा, पण तो क्वचितच ऐकू यायचा. लाडू कुणीही आलं की मांडीवर. दूधवाला असो, वीजबिलवाला असो, त्याला सगळे सारखेच. फटाका वाजला की हाच पलंगाखाली. सुई फटाक्यांतही कठड्यावर बसून राहायची, पण हात पुढे केला की पंजा ठरलेला. दूधपोळीसुद्धा कुणी बघत नसेल तेव्हाच खायची. ताईनंही तिला कधी उचललेलं मी पाहिलं नाही. "तिले नाही आवडत," एवढं म्हणून ती विषय संपवायची.

आम्हा बहिणींचंही तेच. ताई उंच, सावळी, हाडकुळी. मी बुटकी, गोरी, गुबगुबीत. "दोघी एकाच आईच्या का वो?" असं लोक आईला तोंडावर विचारायचे. मी सगळ्यांच्या गळ्यात पडणारी आणि ताईच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं. आई शेवटची आजारी होती तेव्हा मी येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मिठी मारून रडत होते. ताईनं काय केलं, तर आईच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली. "आई झोपून राहिली. मंग या," एवढं सांगून ती नागपूरहून आलेल्या मामांनाही परत पाठवायची. तो राग मामांनी मरेपर्यंत सोडला नाही. दगड आहे पोट्टी, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

रायपूर राजधानी झालं तेव्हा ताई सरकारी कचेरीत होती. भोपाळहून फायली आल्या, साहेब आले, शहराला एकदम घाई सुटली. कचेऱ्या पुढे नव्या रायपूरला गेल्या, तशी तीही निवृत्त होईपर्यंत बसनं तिकडे जाऊन आली; पण तात्यापाऱ्यातल्या त्या दोन खोल्या आणि वरची गच्ची तिनं सोडली नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की गच्चीवर काळ्या धुळीचा थर बसायचा. ताई रोज सकाळी ती ओल्या फडक्यानं पुसायची. "राजधानीची पावडर," असं म्हणायची. पुसून झालं की टाकीजवळच्या लाकडी स्टुलावर बसून चहा. सुईचे पंजे काळे दिसले की ही वर जाऊन आली, हे ओळखायचं.

तेरावं झाल्यावर लाडूला घरी आणलं. मला वाटलं, हा आता झुरेल. कुठलं काय! पहिल्याच आठवड्यात तो आमच्या ह्यांच्या पोटावर पालथा पडून घोरायला लागला. मला त्याचा रागच आला, खरं सांगते. आणि सुईचा पत्ता नव्हता. शुक्ला भाभींना महिनाअखेर वर नवा मजला चढवायचा होता, गच्ची फुटणार होती. मी रोज जायचे. मासे नेले, टोपली नेली, शेजारच्या माणसाला पोतं घेऊन उभं केलं. एकदा सापडली, तर त्याचा हात रक्तबंबाळ करून ती कौलांवरून पसार. मुलगी म्हणाली, "मम्मी, छोड़ दो ना उसको. वो मौसी की थोड़ी थी, वो तो किसी की नहीं थी." मनातून मलाही तसंच वाटू लागलं होतं. पण ताईचं वाक्य पाठ सोडेना.

एक दिवस अशीच हात हलवत निघाले होते. भाभी दारात उभ्या होत्या. म्हटलं, लाडूनं एवढं दार धरून ठेवलं आणि ही बघा. भाभी माझ्याकडे बघतच राहिल्या. "लड्डू? लड्डू तो नीचे मेरी रसोई में था, दीदी. दरवाज़े पे तो वो दुबली वाली थी. ये देखिए..." त्यांनी बाही वर केली. मनगटावर वाळलेले ओरखडे होते. "अंदर ही नहीं जाने दे रही थी किसी को."

मी तिथेच पायरीवर बसले. डोळ्यांसमोर दारात टाकलेली आईच्या वेळची खुर्ची आली आणि मग मला आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले. ताई गेल्यापासून तिथे फडकं फिरलं नव्हतं. काळ्या थरावर कठड्यापासून स्टुलापर्यंत पंजांची वाट पडली होती, येण्याची आणि जाण्याची. स्टुलापासून हातभर अंतरावर एक गोल जागा तेवढी साफ होती, रोज बसून बसून झालेली. म्हणजे ही रोज येत होती... मी मासे आणि पोती घेऊन खाली धावपळ करत होते, आणि ही चहाच्या वेळेला इथे येऊन बसत होती.

मी स्टुलावर बसले. माझ्यासारखीला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, पण बसले. त्या दिवशी ती आली नाही. पुढच्या दिवशी कठड्यावरून नुसतं बघितलं. असं करत करत एका सकाळी आली आणि माझ्याकडे पाठ करून आपल्या जागी बसली. मी हात पुढे केला नाही. महिना संपता संपता त्या जागेशेजारी टोपली ठेवली, आत ताईची शाल. सुईनं शाल हुंगली, पुन्हा हुंगली आणि आपणच आत जाऊन बसली. झाकण लावलं तेव्हा त्या घोगऱ्या आवाजात एकदा ओरडली. मग घर येईपर्यंत गप्प.

आता ताईचं स्टूल आमच्या गच्चीवर आहे. सुई आठवडाभर खोलीत कोंडलेली होती, आता गच्चीवरच असते, खाली येत नाही, लाडूला ओळख देत नाही. धूळ इथेही येते. सकाळी मी गच्ची पुसते, ती टाकीवरून बघते आणि फरशी वाळायच्या आत मुद्दाम तिच्यावरून चालत येते. मी चहा घेऊन बसते. ती हातभर लांब, पाठ करून बसते. बोलायचं नाही, हे मला आता जमतं. आज मात्र राहवलं नाही. तिच्या पाठीकडे बघून म्हटलं, "ताई, दोघायले आणलं वो मी."

सुईनं वळून पाहिलं नाही. एक कान तेवढा माझ्याकडे केला.