शिकायला दिलेलं अंग

“हिचा ब्लाउज काढ,” सर म्हणाले. मला नाही. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या शिकाऊ पोरीला.

पनवेलच्या एका हॉस्पिटलचा हॉल. मधोमध रुंद पलंग, त्यावर मी. भोवती खुर्च्या टाकून बसलेले तरुण फिजिओथेरपिस्ट. लकवा झालेल्या माणसाला कसं धरायचं, कसं बसवायचं, त्याचा खांदा कसा हाताळायचा, हे शिकवणारा कोर्स. सर बाहेरून आलेले. मोठे. त्यांच्याकडून शिकायला पोरं लांबून आली होती. आणि शिकायला अंग लागतं. ते माझं होतं.

त्या पोरीनं माझे हुक काढले. आत घातलेली बॉडी तेवढी अंगावर राहिली. साडी आधीच खुर्चीवर गेली होती. परकर गुडघ्याच्या वर. समोर माझ्या लेकीच्या, करिश्माच्या वयाची पोरं-पोरी. माझी करिश्मा मात्र दाराबाहेर. “नातेवाईक नकोत, डिस्टर्ब होतं.”

मी कोण होते ते सांगते. द्रोणागिरीला गोदामांच्या रस्त्यावर माझी खानावळ होती. न्हावा शेवा बंदरातले ट्रेलरवाले माझ्या हातची तांदळाची भाकरी खायला थांबायचे. कुणी वाकडं बोललं तर मी समोरचं ताट उचलून घ्यायची. माझा आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा. मग एका सकाळी पीठ मळताना उजवा हात परातीतच राहिला. काढता येईना. ओरडायला गेले. आवाज निघाला, शब्द नाही.

बोलणं गेलं. ऐकणं गेलं नव्हतं. समजणं गेलं नव्हतं. हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

हॉस्पिटलवाले करिश्माला म्हणाले, आईला कोर्सला आणा, मोठे सर स्वतः बघतील, फुकट. ती बिचारी हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. मी कसं उत्तर देणार, म्हणून. मान हलत होती माझी.

सरांनी पेनानं माझ्या पाठीवर रेघा ओढल्या. हाड इथे, स्नायू इथे. “पेशंटला लँग्वेज नाही. सांगून उपयोग नाही. हातांनीच काम करायचं,” ते म्हणाले. पोरांनी लिहून घेतलं.

मग एकेक जण येऊन माझा लुळा हात उचलायला लागला. कुणी अलगद, कुणी पिशवी उचलावी तसा. खांद्यातून कळ थेट मानेपर्यंत जायची. मी कण्हले. कोणी थांबलं नाही. मी दात आवळले. अंग ताठ झालं.

सर खूश झाले. “बघा, टोन वाढला. कोपर कसं आखडलंय.”

टोन म्हणजे स्नायूचा ताठरपणा. मला राग आला होता. माझा राग त्यांना टोन वाटला.

मग त्यांनी विनोद केला. “हिचा नवरा सुखी असेल. बायको बोलतच नाही.”

हॉल हसला. माझा नवरा केव्हाच गेलाय. कुणी विचारलं होतं?

पुढचा पोरगा हसत हसतच हात पुढे करून आला. तेव्हा माझ्या तोंडून निघालं,

“नाय.”

आजारानंतरचा माझा पहिला शब्द. त्यांनी टाळ्या वाजवल्या. “व्हेरी गुड! बघितलंत रिस्पॉन्स?” कुणीतरी मोबाइल काढला. “मावशी, परत बोला ना, परत.”

परत बोलले. “नाय.” परत टाळ्या. सर स्वतः पुढे आले आणि माझा खांदा धरायला लागले. मी डाव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं. आवळलं. त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“नाय. नाय. नाय!”

टाळ्या थांबल्या. आता कळलं त्यांना, की मी बोलतेय.

“मावशी, तुमच्याच भल्यासाठी चाललंय हे,” सर म्हणाले. त्या अख्ख्या सकाळी ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. मी मनगट सोडलं नाही.

ओरडा ऐकून करिश्मा दार ढकलून आत आली. तिनं मला बघितलं. मग सगळ्यांना बघितलं. “आदी आयच्या अंगावर साडी घाला. मंग बोला काय ते.” कुणी हललं नाही. तिनंच घातली.

नंतर हॉस्पिटलनं कळवलं, पेशंट को-ऑपरेट करत नाही, पुढे येऊ नका. कोर्सच्या दिवशी निघताना जिन्यापाशी ती शिकाऊ पोर मागून आली होती. “सॉरी मावशी.” मी तोंड फिरवलं. लोक म्हणतात, तिचा काय दोष? हुक कुणी काढले? एकदा माझ्याकडे बघायला काय झालं होतं? उद्या तीच पोर सर होईल.

आता मी काठी घेऊन चालते. शब्द येतात, पण तुटून येतात. हे मी सांगतेय आणि करिश्मा लिहितेय. भाषा तिची, शाळेची. राग माझा.

परवा उरणकडची एक कोळीण घरी आली. ओळखीची. तिच्या नवऱ्याची बोटीवर असतानाच लकवा मारून वाचा गेली. त्याच हॉस्पिटलात परत कोर्स आहे आणि पलंगावर आता त्याला घेणार आहेत. मी करिश्माकरवी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “फुकट हाय, म्हनून नेतंय. दुसरं कोन बघतंय त्याला?”

तिचं खोटं नाही. त्याला उपचार हवेत. पोरांनाही शिकायला हवं. चुकीचे हात मी सोसलेत, मला कोण सांगणार.

“ने,” मी म्हणाले. “मी. बी. येतंय.”

रविवारी मी जाणार. त्याच्या उशाशी बसणार. हात लावायच्या आधी पोरांनी त्याच्याकडे बघून त्यालाच विचारायचं. कुठे दुखतं, कपडे काढू का, हात उचलू का. तो मान हलवेल, डोळे मिटेल, त्याला वेळ लागेल. तेवढं थांबायचं. मला बाहेर जा म्हणाले, तर उठणार नाही. त्याचं उत्तर येईपर्यंत कुणाचाही हात त्याच्या अंगापर्यंत पोचू देणार नाही.