ओली माती

टोमॅटोच्या पानाला नुसता हात लागला तरी बोटांना जो उग्र, हिरवा वास चिकटतो, तो यंदाच्या वैशाखात आमच्या कोथरूडच्या घरात दिवसभर दरवळत असे. पश्चिमेच्या गॅलरीत आईनं सहा कुंड्या मांडल्या होत्या आणि वरून जुनी वायलची साडी ताणून रोपांपुरती सावली केली होती. तिची स्वतःची दुपार मात्र त्या सावलीबाहेर, रणरणत्या उन्हातच जाई.

ऊन चढत गेलं तशी पिवळी फुलं देठासकट गळू लागली, पानांनी माना टाकल्या. मी घरूनच काम करते. मान वर करावी तर आई तांब्या घेऊन निघालेली.

"अगं, आत्ताच घातलंस ना पाणी?"

"आत्ता? सकाळपासून थेंब नाही कोणी घातलेला. तुमचं लक्ष त्या लॅपटॉपमध्ये!"

मी हसून सोडून देई. आईचं बोलणं पहिल्यापासूनच तिखट, त्यात निराळं काही वाटावं असं नव्हतं.

एका दुपारी, ती आत असताना, मी सहज एका कुंडीत बोट खुपसलं. माती चिखलासारखी ओली होती, तिला कुजका वास येत होता. रोप जरा ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत. उन्हानं कोमेजलेलं रोप आणि पाण्यानं गुदमरलेलं रोप वरून अगदी सारखंच दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग एकेक आठवू लागलं: चालू राहिलेला गॅस, मावशीला एकाच सकाळी दोनदा केलेला तोच फोन. एक दिवस ही मलाही विसरेल, अशी भीती वाटली.

मागं चाहूल लागली. आई तांब्या घेऊन उभी होती. माझ्या हातातल्या मुळांकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"आज हे कितव्यांदा पाणी गं?" तिनं हळूच विचारलं.

म्हणजे तिला कळत होतं. मला आज भेटलेली ही भीती कितीतरी दिवस तिच्या सोबतीला होती, आणि ती मला दिसू नये म्हणूनच आई माझ्यावर डाफरत होती.

"पहिल्यांदाच," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि मी घाबरू नये म्हणून हसली.