मलिद्याचं ताट
भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं आणि वेलची पडली, की मला रोह्यातलं ते घर आठवतं. मी यहुदी, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो ख्रिस्ती. लग्नासाठी धर्म कुणीच बदलायचा नाही, हा शब्द त्यानंच दिला होता. आमच्या घरी लग्नाआधीची प्रार्थना झाली आणि तिचा प्रसाद, हाच पोह्यांचा मलिदा, घेऊन मी पेणहून त्याच्या घरी गेले, तर त्याची आई टेप लावून पांढऱ्या झग्यासाठी माझं माप घ्यायला लागली. "लग्नात मी साडीच नेसणार," मी म्हटलं. "ह्यो लग्नाचा नाय गो, बाप्तिस्म्याचा. येत्या रविवारी हाय. त्यानं सांगितलं नाय तुला?" तो मान खाली घालून मलिदा खात होता. मी त्याच्या हातातली बशी ओढून घेतली, ताट झाकलं आणि पेणची एसटी धरली. आमच्यात मलिदा कुणालाच नाकारत नाहीत. मी तर तोंडचा घास काढून घेतला. त्याचं पाप लागायचं असेल, तर आजही खुशाल लागू दे.