धाकटीच्या गालातला डाग

माझी धाकटी बहीण एकवीस वर्षं तपासणीच्या लॅबमध्ये तुकडे कापायची. तुकडे म्हणजे डॉक्टरांनी माणसांच्या अंगातून काढलेले, डाळीएवढे. ते मेणात बसवायचे, मग चाकाच्या मशीनवर कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रा काढायचा, कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर उचलायचा नि रंगवायचा. शिकलेली फारशी नाही, पण हात असा की लॅबच्या डॉक्टरीणबाई तिला रजाच देत नसत.

तर एकदा तिला स्वतःच्याच गालाच्या आत पांढरा डाग दिसला. दुखत नव्हता, हेच तिला खात होतं. दुखतं ते बरं, असं ती लॅबमध्ये ऐकत आलेली. नवऱ्याला बोलली नाही. दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढला, तो आला तिच्याच लॅबमध्ये. चिठ्ठीवर तिनं माहेरचं नाव घातलेलं, कुणाला कळू नये म्हणून. नि कापायला घेतला तिनंच. दुसऱ्याच्या हातात द्यायला मन होईना.

काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळं जांभळं, एकावर एक दाटलेलं. वाईट काचा अशाच गर्द दिसतात, एवढं तिला ठाऊक होतं. मुलगी अजून शाळेत, नि नवरा असा की दूध तापवायला ठेवलं तर निम्मं शेगडीवर.

काच बाईंच्या टेबलावर ठेवून ती दारातच उभी राहिली. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हे कुणी कापलं?"

"मीच."

"तू? अगं, ही गोधडी आहे. एवढं जाड कापल्यावर सगळं काळंच दिसणार. हात थरथरत होता का?"

धाकटी खाली बघत म्हणाली, "बाई, माझंच आहे ते."

बाईंनी काच बाजूला ठेवली. "दुसऱ्या कुणाला सांगू कापायला?"

"नको."

परत मशीनवर बसली. दोन पापुद्रे फाटले, तिसरा उतरला. रंगवलेली काच बाई बघत बसल्या. किती वेळ ते विचारू नका.

"बदल आहे," बाई म्हणाल्या.

धाकटीनं भिंत धरली.

"पुढचं तरी ऐक. तुझी तुटकी दाढ गालाला घासते ना? म्हणून आतली कातडी जाड झालीय, टाचेला घट्टा पडतो तशी. अंग असं बदलतच असतं, जगायला. घासणं थांबलं की हा बदल माघारी फिरतो. जो फिरत नाही, आपल्याच मनानं वाढत सुटतो, त्याची भीती."

"मग माझा कुठला?"

"आज तरी पहिला दिसतोय. दाढ गुळगुळीत करून घे. महिन्यानं डाग राहिला तर परत कापू."

दाढ गुळगुळीत करून घेतली, पण तो महिना काही सरेना. सकाळ-संध्याकाळ आरशापुढे गाल ओढून उभी. खिडकीशी डाग लहान वाटायचा, दिव्याखाली मोठा. भाजीत मीठ दोनदा पडायचं. नवरा म्हणायचा, "दात दुखतोय का गं?" ती म्हणायची, "हो."

महिन्यानं बाईंनी बॅटरी मारली, बोट फिरवून बघितलं. "गेला," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला. "म्हणजे महिनाभर रोज एकटीच मरत होतीस," म्हणाला नि बाहेर गेला. परत आला तो दिव्याखाली बसला नि तोंड उघडलं.

"माझंही बघ. डाग आहे, मीही कुणाला बोललो नव्हतो."

धाकटीला बघायचा धीर होईना.