वरच्या सुरांची व्हर्नेल

व्हर्नेल टॉलिव्हर मागे वळली की बेसच्या रांगेतले बाप्ये खोकला गिळून गप्प बसत. दर सोमवारी संध्याकाळी सिंफनी हॉलच्या तळमजल्यावर हौशी गायकवृंदाची तालीम असे. पुढे सगळ्यांत वरचे सूर गाणाऱ्या सोप्रानो बायका, त्यांच्या अगदी पाठीशी खर्जातले बेस पुरुष. ही मांडणी कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. व्हर्नेलच्या मागची खुर्ची एमेट झिलिन्स्कीची होती. हा उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस कायम उशिरा यायचा, आणि नेमकं हळू गायच्या जागी खोकल्याच्या गोळीचा कागद चुरचुर सोलायचा.

"एमेट, तो कागद तुझ्यापेक्षा सुरात वाजतो," व्हर्नेल मान वळवून म्हणायची.

"सॉरी, व्हर्नेल."

"सॉरी मागच्या सोमवारीही म्हणालास. ते तरी वेळेवर म्हणत जा."

या मंडळींचा एक अलिखित नियम होता. कोण पोटापाण्यासाठी काय करतं हे विचारायचं नाही. क्लीव्हलंडच्या या 'सर्कल' नावाच्या भागात ज्याला धक्का लागेल तो हॉस्पिटलचा तरी, युनिव्हर्सिटीचा तरी, नाहीतर म्युझियमचा. फार पूर्वी एक गायक हाडांचा डॉक्टर आहे हे फुटलं, आणि मधल्या सुटीत कॉफीच्या टेबलापाशी दुखरे गुडघे घेऊन रांग लागली. बिचारा गाणंच सोडून गेला. तेव्हापासून दाराच्या आत सगळे नुसते आवाज. एमेटची नखं फारच स्वच्छ दिसतात म्हणून व्हर्नेलनं आपल्या मनाशी त्याला बेकरीवाला करून टाकलं होतं. एकदा तर "हल्ली तुम्हा लोकांचा पाव फार लवकर शिळा होतो" असं सुनावलंही होतं. नियम म्हणजे नियम, त्यानं ते खोडून काढलं नाही.

ती स्वतः हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होती. सरकत्या पट्ट्यावरून रुग्णांच्या ताटल्या यायच्या, त्यांत कोणाला बिनमिठाचं सूप, कोणाला बिनसाखरेची खीर हे बघून वाढायचं. त्याच हॉस्पिटलात ती जन्मली होती, तिथंच तिचे वडील स्ट्रेचर ढकलत. आई लोकांच्या घरी कामाला गेली की शनिवारी पोरीला म्युझियममध्ये सोडून जाई, कारण तिथं तिकीट नव्हतं आणि हिवाळ्यात ऊब होती. पहारेकरी तिला नावानं ओळखत, कोटाच्या खिशातून पेपरमिंट काढून देत. शाळेच्या बसमधून एकदा सगळ्या वर्गाला या हॉलमध्ये आणलं होतं, तेव्हा दीडशे माणसांना एका दमात गाताना बघून तिनं शेजारणीला सांगून टाकलं, "मी तिथं उभी राहणार." हॉस्पिटल युनिव्हर्सिटीचंच, म्हणून तिची मुलगी डेनीस आईच्या नोकरीवर तिथं बिनफीची शिकली.

या सर्कलला लोक नावं ठेवतात. गाडी लावायला जागा नाही, दर काही वर्षांनी एखादी नवी काचेची इमारत इथल्या घरांच्या अंगावर सरकते, हे सगळं खरंच आहे. नावं ठेवण्यात व्हर्नेल कोणाला ऐकत नसे. पण मागून म्हणायची, "काहीही म्हणा, मला या जागेनं वाढवलंय." आणि हे ती मनापासून म्हणायची.

त्या शरद ऋतूत एका सोमवारी तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, घोट घेता घेता मागे वळली आणि एमेटला झापायला तोंड उघडलं. एमेट तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता, गळ्याकडे बघत होता.

"व्हर्नेल, आणखी एक घोट घे बघू."

"का? माझं पाणी पिणंही आता बेसुरं झालं का?"

"घे तर." तिनं घेतला. त्यानं आवाज खाली आणला. "ती गाठ कधीपासून आहे?"

"माझ्या आईचाही गळा असाच होता. तू तुझ्या रांगेत बघ."

"उद्याच्या उद्या दाखव. माझं ऐक."

नियम मोडला होता. व्हर्नेल घरी जाईपर्यंत फणफणत होती आणि घरी जाऊन तिनं डेनीसपुढे फोनवर सगळं ओकलं. बेकरीवाले आता गळे तपासतात. डेनीसनं गाठ कुठं, केवढी ते विचारलं. मग डेनीस म्हणाली, "मम्मी, मी सकाळी येते. तयार राहा."

तपासण्या झाल्या आणि निदान कॅन्सरचं निघालं. शस्त्रक्रियेसाठी ज्याच्याकडे पाठवलं, त्याच्या खोलीत मायलेकी बसल्या होत्या. दार उघडून पांढऱ्या कोटातला एमेट आत आला.

"बेकरी बंद केलीस का रे?" व्हर्नेलच्या तोंडून निघून गेलं.

एमेट स्टूल ओढून समोर बसला. दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचं असेल तर तसं सांग, मला मुळीच वाईट वाटणार नाही, असं त्यानं आधीच सांगितलं. मग समजावलं. गळ्यात आवाजाच्या दोन नसा असतात. एक बोलण्याची, तिला बहुतेक धक्का लागणार नाही. दुसरी बारीक, दोऱ्यासारखी, वरचे सूर काढणारी. गाठ तिच्याजवळच आहे. "चिकटलेली असेल, तर मला तिथला थोडा रोग ठेवावा लागेल, नाहीतर ती नस काढावी लागेल."

"नस गेली की?"

"बोलशील, गाशीलही. वर जाता येणार नाही."

व्हर्नेलजवळ चारचौघींहून वेगळं असं काय होतं? तेच तर होतं. घरी, चर्चमध्ये, स्वयंपाकघरात ती कोणीही असे, पण वरच्या सुरात गेली की ती व्हर्नेल टॉलिव्हर असे.

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि ते 'डॉक्टर' ऐकून एमेटचा चेहरा पडला. "तुम्हीच करा. वाचवता आली तर वाचवा. पण रोग ठेवू नका. मला नातवंडांची लग्नं बघायचीत."

गाठ चिकटलेलीच निघाली. रोग सगळा गेला, आणि त्याच्याबरोबर ती नसही.

जखम भरली. एका रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर तिनं तोंड उघडलं. सवयीच्या पायरीवर आवाज चढला आणि तिथून पुढे नुसती हवा आली. ती गाडीत जाऊन पोटभर रडली. मग डोळे पुसून परत आत आली, कारण जेवणाची पंगत तिच्या हाती होती.

जानेवारीत गायकवृंदाची फेरपरीक्षा होती. दर काही वर्षांनी प्रत्येकाला संचालिका मिस बॉइससमोर एकट्यानं गावं लागे, त्यात ओळखपाळख चालत नसे. डेनीस म्हणाली, जाऊ नकोस, जिवाला लावून घेशील. व्हर्नेल गेली. मिस बॉइसनं पियानोवर वरून सुरुवात केली, ऐकलं, ओठ मिटले आणि एकेक सूर खाली यायला लागली. खाली, आणखी खाली, बायका जिथं सहसा थांबतात त्याच्याही खाली. आवाज आला. जाड, तपकिरी, कोणा दुसरीचा असावा असा, पण पक्का.

"टेनरमध्ये, पुरुषांच्या वरच्या पट्टीत, माणसं कमी आहेत," मिस बॉइस म्हणाली. "चालेल?"

"पुरुषांत बसायचं?"

"बेसच्या शेजारी."

"बेसचं काय सांगू नका. मागं तो एमेट आहे ना."

"एमेट येत नाही," मिस बॉइस म्हणाली. "शरदापासून एकदाही आला नाही."

व्हर्नेलनं दुसऱ्या दिवशी पीच फळांचा गोड कॉबलर भाजला आणि गरम भांडं टॉवेलात गुंडाळून एमेटच्या दवाखान्यात जाऊन बसली. तपासणीची वेळ नव्हती. शेवटचा रुग्ण गेल्यावर एमेट बाहेर आला आणि तिला बघून जागीच थांबला.

"काही त्रास होतोय का?"

"होतोय. तू तालमीला येत नाहीस."

तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. "इतकी वर्षं मी ते सूर तुझ्या पाठीमागं बसून ऐकले. ती नस चिमट्यात धरली, तेव्हा मला ते ऐकू येत होते. आणि तरी कापली."

"मीच सांगितलं होतं ना तुला?"

"हो."

"मग? सोप्रानो या गावात पैशाला पासरी मिळतात, एमेट. मी एकच आहे. तू नियम मोडला नसतास, तर आज डेनीस माझे कपडे वाटत बसली असती. मी रोज सकाळी उठते आणि आधी तुझं नाव घेते, मग कॉफी करते. हे तुला सांगायचं होतं. तू येत नाहीस, मग सांगू कोणाला?" तिनं भांडं त्याच्या मांडीवर ठेवलं. "सोमवारी ये. आणि भांडं धुऊन आण."

सोमवारी तो आला, उशिराच. टेनरच्या शेवटच्या खुर्चीत व्हर्नेल बसली होती, तिच्या शेजारी बेसची पहिली खुर्ची रिकामी होती, तिथं तो बसला. मिस बॉइसनं हात उचलला. गाणं संथ चालीनं निघालं, वळणं घेत वर चढायला लागलं, आणि व्हर्नेलच्या जुन्या जागेपाशी आलं. टेनरांना तिथं थांबा होता. समोरच्या बायकांच्या पाठी ताठ झाल्या, आणि ते वरचे सूर निघाले.

व्हर्नेलनं ते आयुष्यभर गायले होते. ऐकले कधीच नव्हते. आत असताना नुसता श्वास, पोटावरचा ताण आणि पुढची ओळ. आता ते तिच्या डोक्यावरून, सगळ्या खोलीवरून गेले, आणि तिचे डोळे वाहायला लागले.

"असं ऐकू येतं होय रे?" तिनं हळूच विचारलं.

"हो," एमेट म्हणाला. "दर सोमवारी."