तिसरीच्या वर्गातली माशांची गाथण

आठल्ये बाईंची आणि माझी खरी ओळख माशांच्या वासामुळे झाली. या गौरवग्रंथाच्या समितीतल्या एका सद्गृहस्थांनी मला प्रेमाने सुचवलं होतं, की बाईंच्या पंचाहत्तरीच्या मंगलप्रसंगी 'तो प्रकार' नको. 'बाई प्रत्यक्ष वस्तू आणवून शिकवीत' एवढं लिहिलंत तरी पुरे. नाही पुरत. वस्तू कोणती होती हे गाळलं, तर बाईच गाळल्यासारख्या होतील. तेव्हा मी सगळं लिहिणार आहे, आणि छापायचं तर सगळं छापा.

मी तेव्हा तिसरीत होते. घर मांडवीला, आई बाजारात मासे विकायची. समूहदर्शक शब्दांचा धडा आला की बाई पुस्तकं मिटून ठेवायला लावत. 'लाकडांची मोळी, पक्ष्यांचा थवा' ही घोकंपट्टी त्यांना अजिबात मंजूर नव्हती. ज्याच्या घरी जे एकत्र बांधतात, रचतात, ओवतात, ते त्याने वर्गात आणायचं आणि कसं करतात ते दाखवायचं, असा त्यांचा नियम. एकाने काटक्यांची मोळी आणली. बागायतदारांच्या सुहासने टोपलीत गवत पसरून आंब्यांची छोटीशी अढी लावली. मी गाथण नेली. माडाच्या पातीत कल्ल्यांतून ओवलेले ताजे बांगडे, आईने मुद्दाम निवडून दिलेले.

वर्गाने नाकं दाबली. शेजारची मुलगी बाक सोडून उठली. मी गाथण पाठीमागे लपवली. बाईंच्या घरात सात पिढ्यांत मासा शिरलेला नव्हता, पण त्यांनी ती माझ्या हातून घेतली, खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्याला टांगली आणि म्हणाल्या, "आता सांग गो, कशी ओवलीस?" मी एकेका बांगड्याला बोट लावत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काही पालक मुख्याध्यापकांकडे आले. पुढे सुहासचे वडील. शाळा आहे की मासळीबाजार, असा त्यांचा सवाल. मुख्याध्यापक माणूस भला, पण भांडणाला भिणारा. त्यांनी बाईंना समजावलं, "शब्द शिकवा ना! पुस्तकात छापलेलाच आहे. फक्त मासे नकोत."

बाई म्हणाल्या, "मोळीचे काटे टोचले ते चाललं. आंब्याच्या चिकाने पोरांची तोंडं उतली तेही चाललं. मग गाथणीनेच काय घोडं मारलंय? शब्द चालतो आणि तो आणणारी पोर चालत नाही, असं माझ्या वर्गात व्हायचं नाही."

"अहो, तक्रार वरपर्यंत जाईल."

"जाऊ दे की. बरोबर मीही जाते."

हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या वेळी मी शाळेतच नव्हते. दप्तर कोनाड्यात टाकून आईशेजारी बाजारात बसायला लागले होते, आणि आईलाही ते पटलं होतं. "जाव नको तकडं. आपला धंदा बरा," ती म्हणाली होती. माझं शिक्षण तिथेच संपायचं होतं, यात मला आजही शंका नाही.

एका दुपारी बाई बाजारात आल्या आणि आईसमोर उलट्या टोपलीवर सरळ बसल्या. आई कावरीबावरी झाली. "बाई, हितं नका बसू. साडीला वास लागंल."

"लागू दे. वासाने साडी विटत नाही. उद्या ही आली नाही, तर सगळा वर्ग घेऊन मी इथेच येते. मग गिऱ्हाईक कुठे उभं करायचं ते तुम्ही बघा."

आई हसली आणि मी सुटले. दुसऱ्या दिवशी बाईंनी अदलाबदल करायला लावली. मी आंब्यांची अढी लावली आणि सुहासने बांगडे ओवले. पहिला बांगडा हातातून निसटला तेव्हा सुहाससकट आम्ही सगळे हसलो.

वर्ष संपताना बाईंची बदली केळशीला झाली. कारण कुणी उघड बोललं नाही. ज्यांनी कुणी ती घडवली, त्यांना एवढंही सुचलं नाही की केळशीत मासळी जास्तच! बाईंनी तिथेही खिडकीत खिळा ठोकला. माफी त्यांनी कुणाची मागितली नाही. मासा त्या आजही खात नाहीत. कुणी छेडलं तर म्हणतात, "खाणं माझं, नाक मुरडणंही माझंच. ते मी मुरडत नाही."

आज त्याच शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. परवा पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला: 'फुलं, भाज्या आणाव्यात, मासे टाळावेत, नम्र विनंती.' मी तितक्याच नम्रपणे 'नाही' असं उत्तर दिलं आहे. आता तक्रार वर गेली, तर कुणाचं नाव सांगायचं ते मला ठाऊक आहे.

बाई, तुम्ही शंभरी गाठा, धडधाकट राहा आणि असंच भांडत राहा. सोमवारी आमच्याकडे तोच धडा आहे. हात थरथरतात तरी आई स्वतः गाथण ओवणार आहे. खिडकीतला खिळा मी आजवर कुणाला काढू दिलेला नाही. टांगायला तुम्ही या.